हिवरमाळचा स्वच्छ नकाशा

"ह्यात माझी वाट कुठं हाय वो, बाई?"

खिडकीच्या जाळीतून नकाशाची गुंडाळी आत आली आणि तिच्यामागोमाग हा प्रश्न. मी मान वर न करताच म्हटलं, "मावशी, जे नकाशात असतं तेच छापून येतं. कॉम्प्युटर काही मनाने वाटा काढत नाही आणि बुजवतही नाही."

"तेच म्हन्ते मी. वाट हाय, आन् ह्यात न्हाई."

मग मात्र मी वर बघितलं. साठीच्या आसपासची बाई, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला. अर्जावर नाव होतं अंजिराबाई ढोबळे, गाव हिवरमाळ. अर्ध्या तासापूर्वी मीच त्यांना गावनकाशाची नक्कल काढून दिली होती. बाहेर पायरीवर बसून त्यांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली असावी.

"कसली वाट?" मी विचारलं.

"माज्या रानाची. माजं रान बरग्याच्या रानाच्या मागं. बरग्याच्या बांधाकडंनं वाट जाती. सासू गेली त्या वाटंनं, मी गेले चाळीस वर्सं. दिवाळीत बरग्यानं तार वढली. म्हनतो, वाट न्हवतीच कधी, तुमी फुकाट तुडवत हुता."

"मग?"

"मग तशिलदारांकडं अर्ज केला. ते म्हनले, गावनकाशात वाट दिसली तर तार काढायला लावतो. न्हाई दिसली तर काय करता येत न्हाई. शुक्करवारी तारीख हाय." त्यांनी गुंडाळी पुन्हा माझ्याकडे सरकवली. "बगा की जरा नीट. रानात जायलाच गावलं न्हाई तर पेरनार काय? बैल काय उडवत न्यायचे? बरग्या टपूनच बसलाय, कवा ही म्हातारी कटाळती आन् रान मला देऊन टाकती."

मी नकाशा पडद्यावर उघडला. टिचकी मारली की उघडत होता, त्याचा मला कोण अभिमान! मोठा करून बघितला. बरग्यांच्या जमिनीचा गट, त्याच्या मागे ढोबळ्यांचा गट, मध्ये बांधाची एक काळी रेघ. बाकी सगळं पांढरं. डाग नाही, धूळ नाही.

"नाहीये मावशी. हे बघा, तुम्हीच बघा."

त्यांनी जाळीला नाक लावून बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग गुंडाळी काखेत मारली आणि निघून गेल्या. मी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

हे तेरा वर्षांपूर्वीचं. माझं नाव विद्युल्लता. वडील वीज मंडळात वायरमन होते, त्यांना मुलीला दुसरं नाव सुचलंच नाही. सगळे लता म्हणत. वय सत्तावीस आणि डोक्यात हवा भरपूर. आमच्या कंपनीला जिल्ह्याच्या जुन्या गावनकाशांचं काम मिळालं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने काढलेले नकाशे, कापडावर चिकटवलेले, घड्यांवर फाटलेले. ते स्कॅन करायचे, नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागच्या जागी बसवायचे आणि लोकांना नकला द्यायच्या. भूमी अभिलेख कार्यालयातली एक खोली आम्हाला दिली होती.

स्कॅन रंगीत झाले होते. एकेक शीट तीनशे एमबीची. अशी आठशेवर शीटं. सर्व्हर बिचारा धापा टाकायचा. एक नकाशा उघडायला सात मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात खिडकीवरचा माणूस चहा पिऊन यायचा. एकदा वरचे साहेब पाहणीला आले, त्यांच्यापुढे नकाशा अर्धाच उघडून अडकला. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सोमवंशी सर घामाघूम. संध्याकाळी मला म्हणाले, "लता, काहीही कर, पण ह्या फायली बारीक कर."

मी केल्या. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवावा लागतो. मी सगळे नकाशे निव्वळ काळेपांढरे केले, म्हणजे ठिपक्याला फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगायचं. तीनशेचे दोन एमबी झाले. तरी माझं समाधान होईना. जुन्या कापडावर बुरशीचे डाग, माश्यांची घाण, धूळ. काळंपांढरं केलं की ही सगळी घाण बारीक काळ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि प्रत्येक ठिपका थोडी थोडी जागा खातो. सॉफ्टवेअरमध्ये ठिपके साफ करायची सोय असते. अमुक आकाराहून लहान आणि सुटा असलेला प्रत्येक ठिपका पुसून टाक, असं तिला सांगायचं. मी सांगितलं. दोन-चार शीटांवर बघितलं, नकाशा धुतल्यासारखा निघाला. मग आठशे शीटं एकदम लावून दिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शीट एक एमबीच्या आत! मूळ स्कॅन पुसून टाकले, कारण त्या हार्ड डिस्का शेजारच्या जिल्ह्याला हव्या होत्या. कापडी नकाशे ट्रंकांत बंद होऊन विभागीय अभिलेखागारात रवाना झाले. सव्वीस जानेवारीला साहेबांच्या हस्ते मला शाल आणि नारळ मिळाला. आईने तो नारळ फोडू दिला नाही, देवघरात ठेवला.

अंजिराबाई येऊन गेल्या तो मंगळवार होता. बुधवारी मुलाणी चाचा रजेवरून परत आले. चाचा म्हणजे तिथले अभिलेखपाल, नकाशांचे राखणदार. तीस वर्षं त्यांनी ते कापडी नकाशे सांभाळले होते. मी फायली बारीक करत होते तेव्हा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते आणि मग दुसऱ्या डोळ्याच्या. काळा चष्मा लावून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "दाखव बेटा, तुझा पराक्रम. शाल घेतलीस म्हणे."

मी तोऱ्यात एक नकाशा छापून त्यांच्या टेबलावर पसरला. कुठल्याशा दुसऱ्याच गावाचा होता. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवत फिरवत वरून खाली आले.

"पायवाटा कुठायत?"

"म्हणजे?"

"ह्या गावाला देवीच्या टेकडीवर जायची पायवाट आहे. माझ्या चांगली लक्षात आहे. मी स्वतः तिच्या नकला दिल्यात."

"कशी दाखवलेली असते पायवाट?"

ते माझ्याकडे बघायला लागले. चेष्टा करत्येय की काय, असं त्यांना वाटलं असावं. "अगं, ठिपक्यांनी. हद्दीची रेघ सलग. गाडीवाट दोन तुटक रेघांची. आणि पायवाट म्हणजे नुसते ठिपके, एकापुढे एक. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर चाचणीसाठी घेतलेला तिसऱ्याच एका गावाचा मूळ रंगीत स्कॅन चुकून उरला होता. तो उघडला. ओढ्याच्या कडेने टाकाच्या टोकाने काढलेले ठिपके सरळ एका देवळापर्यंत गेले होते. मी तो नकाशा पुन्हा माझ्या पद्धतीने साफ केला. बटण दाबलं, डोळ्यांदेखत वाट गेली.

चाचा माझ्या खांद्यामागे उभे होते. "या अल्ला," एवढंच म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि शिक्क्याची डबी बंद करून खणात टाकली. "आजपासून एकाही नकलेवर मी खरी नक्कल म्हणून शिक्का मारणार नाही. तुझ्या साहेबाला सांग."

मी सोमवंशी सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. सोमवारी वरच्या कार्यालयात बैठक होती आणि तिच्यात पुढच्या चार तालुक्यांचं काम आम्हाला द्यायचं की नाही ते ठरणार होतं.

"सोमवारपर्यंत तोंडातून ब्र काढू नकोस," ते म्हणाले. "बैठक होऊ दे. मग आपण नकाशे परत मागवू, परत स्कॅन करू, चुपचाप. आणि पुढच्या कामाची इनचार्ज तू असशील."

"सर, काल एक बाई आली होती. तिची वाट..."

"एक बाई ना? मग तिच्यापुरते टाक चार ठिपके. तुला सॉफ्टवेअरमध्ये काय जड आहे? बाई खूश, आपण खूश."

"कुठून कुठे टाकू? वाट कुठून जाते ते मला काय माहीत? आणि सर, असं केलं तर ती खोटी नक्कल होईल."

"मग नको टाकूस. चार दिवस कळ काढ."

मी कळ काढली. आज मी सांगू शकते की सरांनी दम दिला म्हणून गप्प बसले, पण ते खरं नाही. त्यांनी थांब म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. लगेच कुणापुढे उभं राहून माझं चुकलं म्हणावं लागणार नव्हतं. शुक्रवारची तारीख मला पाठ होती. चाचांना ती माहीत नव्हती आणि मी त्यांना सांगितली नाही. गुरुवारी ते जेवणाच्या डब्यातली शेवयांची खीर मला देत म्हणाले, "घाबरू नकोस, चूक कोणाचीही होते," तरी मी सांगितली नाही. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझं लक्ष कशातच नव्हतं. ती बाई आता तहसीलदारांपुढे उभी असेल, हातात माझा स्वच्छ नकाशा असेल, हे मला कळत होतं. फोन उचलायचा, तहसील कार्यालयाला एक वाक्य सांगायचं. फोन माझ्या हातापासून वीतभर लांब होता. मी तो उचलला नाही.

सोमवारी दुपारी सर पेढे घेऊन आले. काम मिळालं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी पेढा हातात घेऊन उभी होते तेवढ्यात चाचा नकलांची नोंदवही घेऊन आले. शिक्का बंद केल्यापासून ते एकच काम करत होते. साफ केलेल्या नकाशांच्या किती नकला बाहेर गेल्या त्याची यादी. त्यांनी वही माझ्यापुढे उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अंजिराबाई ढोबळे, हिवरमाळ. नक्कल कशासाठी, तर वाटेच्या सुनावणीसाठी. तारीख शुक्रवार. हे अक्षर तुझं आहे ना बेटा?"

"हो."

"म्हणजे बुधवारी मी तुला ठिपक्यांचं सांगितलं तेव्हा तुला ही तारीख माहीत होती."

"हो."

"आणि गुरुवारी?"

मी हातातला पेढा टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा काढून पुसत बसले. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ऑपरेशनमुळे की माझ्यामुळे, मला विचारायचा धीर झाला नाही.

"चाचा, तहसीलला चला माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"चल."

सर मागून हाका मारत राहिले. आम्ही चाचांच्या स्कूटरवरून तासाभरात तहसीलला पोहोचलो. तहसीलदार साहेब दौऱ्यावर निघायच्या तयारीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फायली कशा बारीक केल्या, ठिपके कसे गेले, कुणाला कळलं, कधी कळलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फायलींच्या ढिगातून एक फाइल ओढली.

"हिवरमाळ. ह्या बाईंनी तर शुक्रवारी अर्ज मागे घेतला. वाट नाही हे त्यांनी स्वतः कबूल केलंय. प्रकरण बंद झालंय."

"साहेब, त्यांनी माझा नकाशा बघून मागे घेतला."

"हे लेखी द्याल?"

"देते."

"नोकरीचा विचार केलात?"

"केलाय," मी म्हटलं. खोटं होतं ते. मी दोन पानं लिहिली, तारखांसकट, बुधवार-गुरुवारसकट. चाचांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. साहेबांनी प्रकरण पुन्हा उघडलं, मूळ कापडी नकाशा मागवायचं पत्र त्याच संध्याकाळी धाडलं आणि माझ्या दोन पानांची प्रत जिल्ह्याला पाठवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला ओळखपत्र परत मागितलं. पुढे ते कामही कंपनीच्या हातून गेलं आणि आठशेच्या आठशे शीटं पुन्हा स्कॅन करायचा हुकूम निघाला. घरी आईने महिनाभर माझ्याशी धड बोलणं केलं नाही. "मोठी सत्यवादी लागून गेलीस का?" म्हणायची. मी सत्यवादी नव्हते. मी पाच दिवस उशिरा आले होते, पण ते तिला कुठे समजावत बसू?

सात आठवड्यांनी अभिलेखागारातून हिवरमाळच्या नकाशाची ट्रंक तहसीलला आली. मला नोकरी नव्हती, तरी तहसीलदार साहेबांनी निरोप पाठवून बोलावलं. चाचांनी हिवरमाळचा नकाशा टेबलावर उलगडला, घड्या हलक्या हाताने दाबल्या. मी बरग्यांचा गट शोधला. पूर्वेच्या बांधाला धरून ठिपके निघाले होते, एकापुढे एक, आणि ढोबळ्यांच्या रानात जाऊन थांबले होते. मी ते मोजले. त्रेपन्न होते. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी टाक बुडवून बुडवून ते काढले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तहसीलदारांच्या हुकमाप्रमाणे वाट मोकळी करायची होती. मी चाचांबरोबर हिवरमाळला गेले. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. तहसीलदार, तलाठी, पंच, पोलीस पाटील, गावातली पाच-पन्नास माणसं. बरगे तोंड फिरवून उभे होते. कोतवालाने तारा सोडवल्या, दोन खांब उपटले. तलाठ्यांनी टेप धरून वाट आखली. अंजिराबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या वाटेने सरळ आपल्या रानात गेल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. पंचनामा लिहायला घेतला गेला.

मी त्यांच्यामागून रानात गेले. बांधावरच्या बाभळीखाली त्या बसल्या होत्या. मला ओळखलं नसावं. मी समोर बसले आणि म्हटलं, "मावशी, खिडकीवर होते ती मीच. तुमच्या वाटेचे ठिपके माझ्या हातून पुसले गेले."

"मुद्दाम?"

"नाही. घाण समजून. फाइल लहान व्हावी म्हणून."

"आन् तशिलदारांना लिवून कुनी दिलं?"

"मीच. पण मला तुमच्या तारखेच्या आधी कळलं होतं. दोन दिवस आधी. मी गप्प बसले."

मला वाटलं, आता त्या बोलतील. चार शिव्या हासडतील. मी तयारीनेच आले होते. त्या उठल्या, बाभळीला टांगलेल्या बाटलीतलं पाणी मला दिलं आणि पुन्हा बसल्या.

"झालं ते झालं. वाट गावली ना," त्या म्हणाल्या. "जूनात पेरनी करीन. तेचं काय न्हाई. येक इचारू का? तुमी शिकलेल्या हाय."

"विचारा ना."

"त्या शुक्करवारी मी अर्ज मागं घेतला, ते ठावं हाय न्हवं? बरग्या म्हनला, नुसता मागं घिऊन भागनार न्हाई. चाळीस वर्सं माजं रान तुडवलंस, चावडीवर सगळ्यांम्होरं माफी माग. मला बी वाटलं, सरकारी कागूद हाय, त्यो कशाला खोटं बोलंल? आपलंच चुकलं आसंल. सासऱ्यांनी वाट दावली म्हनून आमी चालत ऱ्हायलो, त्येंचंच चुकलं आसंल." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "त्याच सांजंला गेले चावडीवर. बरग्याच्या पाया पडले. त्यो माज्या पोराच्या वयाचा हाय. तरी पडले."

मी म्हटलं, "मावशी, आता सगळ्या गावाला कळलंय वाट तुमचीच होती ते."

"माजं न्हाई वो. मी जित्ती हाय, माजं मी बगून घीन. मी माज्या गेलेल्या मालकाच्या नावानं माफी मागितली. सासऱ्याच्या नावानं मागितली. म्हनले, ती दोगं बी चोरून चालली, त्येंला बी पदरात घ्या. तसं सरपंचानं लिवलं आन् माजा आंगठा घेतला. त्येंनी तर कुनाच्या रानातली काडी उचलली न्हवती." त्यांनी पंचनामा लिहिणाऱ्या माणसांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "ती माफी परत घ्यायची तर कुनाकडं अर्ज करायचा?"